हिमोग्लोबिन १८.६ आणि रात्रीचं घोरणं

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही इचलकरंजीजवळ राहतो. मिस्टरांचं वय ४७, उंची पाच फूट सात इंच, वजन १०४ किलो. हार्डवेअरचं दुकान आहे. आठवड्यातून दोनदा स्वतः टेम्पो चालवत कोल्हापूरहून माल आणतात. मार्चमध्ये चक्कर आली म्हणून सगळ्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन १८.६ आलं, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ५६. ‘रक्त घट्ट झालंय’ म्हणून दोन वेळा रक्त काढलं, तरी पुन्हा वाढलं. साखर बॉर्डरवर (तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.३), लिव्हरची एसजीपीटी ७४, फॅटी लिव्हर, युरिक ॲसिड ८.१, थायरॉइडची टीएसएच ६.२. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी १५० च्या खाली येत नाही. रात्री चार वेळा लघवीला उठतात, म्हणून प्रोस्टेटची गोळीही सुरू झाली. जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन तपासलं, ते २४० आलं. आता तो इंजेक्शन घ्या म्हणतो. सिगारेट सोडली म्हणतात, पण शर्टाला वास येतो.

घोरतात फार. मध्येच श्वास थांबतो, मग गुदमरल्यासारखा आवाज करून सुरू होतो. मी कित्येक रात्री त्यांच्या छातीवर हात ठेवून जागी असते. घरात कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर आहे, त्यावर दिवसा ९४ दाखवतं. ऑक्सिजनची मशीनही पडून आहे, ती रात्री लावू का? इतक्या रक्ततपासण्या झाल्या, त्यात घोरण्याच्या आजाराची तपासणी नसते का? यांना नक्की किती आजार आहेत?

— एक वाचक भगिनी

उत्तर

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच दडली आहेत. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, सिद्ध होत नाही. तशी तपासणीच नाही. महागडं पॅकेज घेतलंत तरी त्यात ती सापडणार नाही. हा आजार रात्री झोपेत घडतो आणि तो मोजावाही झोपेतच लागतो. पण हा आजार जिथे जिथे हात लावतो तिथे ठसे सोडून जातो, आणि तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांवर असे ठसे बरेच दिसतात. तुम्ही सहा-सात आजार मोजले आहेत. माझ्या मते त्यातले बहुतेक धागे एकाच गाठीतून निघाले आहेत, आणि ती गाठ तुम्ही हात ठेवता त्या छातीच्या वीतभर वर, घशात आहे.

तिथे काय होतं ते सांगतो. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. तुमच्या-माझ्यातही पडतात. पण मान जाड असेल, जीभ मोठी असेल किंवा जबडा मागे असेल, तर जीभ आणि मऊ टाळू मागच्या भिंतीला जाऊन चिकटतात आणि वाट बंद होते. छाती वर ओढली जाते, पोट फुगतं, माणूस श्वास घ्यायची सगळी धडपड करतो, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस, कधी चाळीस. झोपेच्या तपासणीच्या पडद्यावर हे बघताना माझाच श्वास अडकतो. नाकाजवळच्या हवेची रेघ सपाट पडलेली असते, छातीची रेघ मात्र वरखाली होत राहते, आणि खाली ऑक्सिजनचा आकडा ९३, ८८, ८१ असा उतरत जातो. मग मेंदू घाबरून हिसका देतो, माणूस खर्रकन श्वास घेतो, कूस बदलतो, आकडा पुन्हा वर जातो. दोन मिनिटांनी तेच. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास बंद पडला की एक ॲप्निया मोजतात. श्वास पूर्ण बंद न पडता अर्धवट कोंडला तर तेही धरतात. तासाला पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तासाला साठ-सत्तर वेळा असं होणारी माणसं सकाळी उठून ‘मला मस्त झोप लागली’ म्हणतात, आणि ती खोटं बोलत नसतात. हे हिसके त्यांना आठवतच नाहीत. आठवतात ते तुम्हाला.

आता रक्ताकडे येऊ.

ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंडाला कळतं आणि ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते हाडांच्या मगजाला सांगतं की तांबड्या पेशी वाढव. हिमोग्लोबिन चढतं ते असं. तुम्ही रक्त काढता तेव्हा पेशी कमी होतात, पण रात्रीचा ऑक्सिजन तसाच पडत राहतो, म्हणून मगज पुन्हा कामाला लागतो. नळ चालू ठेवून बादलीतलं पाणी उपसण्यासारखं आहे हे. शिवाय दर वेळी रक्ताबरोबर लोहही बाहेर जातं. लोहाचा साठा घटला की रात्री पाय चाळवत राहतात, पोटऱ्यांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणजे आधीच तुटणारी झोप आणखी तुटते. पुन्हा कोणी रक्त काढायचं म्हणालं तर आधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघा म्हणावं.

पण इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. स्लीप ॲप्निया असलेल्या बहुतेकांचं हिमोग्लोबिन नॉर्मलच असतं, किंवा किंचित वर. १८.६ हा आकडा नुसत्या घोरण्याच्या खात्यावर टाकून मोकळं होण्यासारखा नाही. त्याची आणखी तीन-चार कारणं तपासायला हवीत. एक सिगारेट. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनची जागा अडवतो आणि शरीर भरपाई म्हणून पेशी वाढवतं. शर्टाचा वास तुम्ही लिहिलात ते फार बरं झालं. दुसरं म्हणजे मगजाचाच आजार, पॉलिसायथिमिया व्हेरा. पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ च्या वर किंवा हिमॅटोक्रिट ४९ च्या वर गेला की त्याचा विचार करायचा असा संकेत आहे. त्यासाठी जेएके-टू ही जनुकीय तपासणी आणि रक्तातलं एरिथ्रोपोएटिन, या दोन गोष्टी करतात. मगजाचा आजार असेल तर जेएके-टूमधला बदल शंभरातल्या पंचाण्णव जणांत सापडतो आणि एरिथ्रोपोएटिन कमी असतं, कारण मगज कोणाचं न ऐकता आपल्या मनानं पेशी बनवत असतो. तो आजार निघाला तर रक्त काढणं हाच त्याचा मुख्य उपचार आहे, तेव्हा रक्त काढणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. कारण शोधायचं मात्र राहून गेलं.

तिसऱ्या शक्यतेसाठी तुमच्या रिपोर्टचं तिसरं पान बघा. सोडियम, पोटॅशियमच्या खाली बारीक अक्षरात बायकार्बोनेट ३१ लिहिलंय. तुम्ही पत्रात ते लिहिलं नाहीत, आणि माझा अंदाज आहे की कोणीच त्यावर बोट ठेवलं नसेल. आपल्याकडे इलेक्ट्रोलाइट्स सांगितले की बऱ्याच लॅब तीनच आकडे देतात. बायकार्बोनेट वेगळं मागावं लागतं. तुमच्याकडे ते आलंय, आणि माझ्या लेखी सगळ्या कागदांतला सर्वांत बोलका आकडा तोच आहे.

काही वजनदार माणसांत घसा तर बंद होतोच, शिवाय एकूण श्वासच उथळ होतो. मग कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही, आधी रात्री आणि पुढे दिवसासुद्धा. तो साठला की रक्त आम्लाकडे झुकतं, आणि ते सावरण्यासाठी मूत्रपिंड बायकार्बोनेट राखून ठेवतं. म्हणून हा आकडा २७ च्या आत असला की दिवसा कार्बन डायऑक्साइड साठण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि २७ किंवा त्यावर असला की हाताच्या रोहिणीतून रक्त घेऊन तपासणी करावी लागते, तिला एबीजी म्हणतात. जागेपणी कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, वजन लठ्ठपणाच्या गटात, आणि दुसरं कारण सापडत नाही, असं असेल तर त्याला ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन म्हणतात. १९५६ मध्ये अमेरिकेत एका लठ्ठ व्यावसायिकाचं वर्णन प्रसिद्ध झालं. पत्ते खेळताना हातात उत्तम पानं असूनही त्याला डुलकी लागली आणि डाव गेला, म्हणून तो दवाखान्यात आला. त्याच्याही रक्तात पेशी वाढलेल्या होत्या. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या मिस्टरांची मान पडते का, ते आठवून बघा.

दिवसा ऑक्सिमीटरवर ९४ दिसतं म्हणून तुम्हाला धीर आला असेल. पण सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला जागेपणी बसलेला असताना ९४ हा थोडा खालचाच आकडा आहे, आणि झोपेत काय होतं याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

आणि ताई, ती ऑक्सिजनची मशीन रात्री लावू नका. हे ठासून सांगतो. कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर नुसता ऑक्सिजन दिल्यानं श्वास आणखी मंदावू शकतो. आकडा ९८ दिसेल, घरच्यांना बरं वाटेल, आणि आत विषारी वायू वाढत जाईल. बंद दाराबाहेर ऑक्सिजन ओतून दार उघडत नाही. रात्रीची दारू आणि झोपेची गोळीही याच कारणासाठी बंद. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

बायकार्बोनेटबद्दल एक सावधगिरीही सांगायला हवी. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीत बीपीच्या एका गोळीत क्लोरथॅलिडोन आहे. ही लघवी वाढवणारी गोळी आहे. तिच्यानं बायकार्बोनेट थोडं चढतं, युरिक ॲसिड चढतं, आणि पाणी कमी झालं तर रक्तही थोडं दाट दिसतं. म्हणजे तिन्ही आकड्यांत तिचा वाटा असू शकतो. पण म्हणून ती स्वतःहून थांबवू नका. डॉक्टरांसमोर फक्त हा मुद्दा काढा. रात्री ऑक्सिजन पडतो तेव्हाही पेशींमधली ऊर्जा मोडून युरिक ॲसिड वाढतं, तेव्हा कोणाचा वाटा किती हे एका कागदावरून ठरत नाही.

लघवीचं आता सांगतो, कारण प्रोस्टेटची गोळी चालू आहे आणि उठणं चारावर अडलंय. घसा बंद असताना छाती जोरात ओढते तेव्हा छातीत उणा दाब तयार होतो आणि हृदयाकडे रक्त जास्त खेचलं जातं. हृदयाला वाटतं शरीरात पाणी फार झालंय, आणि ते एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडाला सांगतं की पाणी बाहेर काढ. मूत्राशय खरंच भरतं. घरी एक साधी गोष्ट करून बघा. दोन रात्री बाथरूममध्ये मापाचा जग ठेवा आणि दर वेळी किती होते ते लिहा. प्रोस्टेट अडवत असेल तर थोडी थोडी, कुंथून होते. दर वेळी अडीचशे-तीनशे मिली भरभरून होत असेल, तर दोष लघवीच्या वाटेत असण्यापेक्षा झोपेत असण्याची शक्यता जास्त. साखर ६.३ आहे, तेवढ्यानं रात्री चार वेळा उठावं लागत नाही.

साखर, लिव्हर आणि चरबी यांच्याबाबत मी थोडा हात राखून बोलेन. ऑक्सिजन पडणं-चढणं आणि मेंदूचे हिसके यांनी ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं रात्रभर उसळत राहतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, लिव्हरला इजा होते, एसजीपीटी चढतं. हे खरं आहे. पण १०४ किलो वजनानंही नेमकं हेच होतं. दोघांना वेगळं काढणं संशोधकांनाही अवघड जातं. आणखी एक सांगतो. रक्त काढल्यानंतर नव्या पेशी तयार होतात आणि त्या ताज्या पेशींवर साखर कमी चढलेली असते, म्हणून एचबीएवनसी खोटी कमी दिसते. तुमचा ६.३ हा आकडा दुसऱ्यांदा रक्त काढल्यानंतरच्या महिन्यातला आहे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर एकदा करून घ्या. थायरॉइडची टीएसएच ६.२ ही काठावरची आहे, दोन-तीन महिन्यांनी फ्री टी-फोर या थायरॉइडच्या दुसऱ्या तपासणीसोबत पुन्हा करा. थायरॉइड फारच मंदावलं तर जीभ-घसा सुजून ॲप्निया होतो, पण ६.२ मध्ये एवढी ताकद नसते.

आता टेस्टोस्टेरॉन. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. पहिलं म्हणजे रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ दुपारी चारची आहे. हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवसभर उतरत जातं, म्हणून ते सकाळी, दहाच्या आत, उपाशीपोटी तपासतात आणि कमी आलं तर पुन्हा एकदा तपासतात. दुसरं, झोप तुटली आणि वजन वाढलं की ते कमी होतंच. तिसरं आणि महत्त्वाचं, टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शननं हिमोग्लोबिन वाढतं आणि ॲप्निया बिघडू शकतो. हिमॅटोक्रिट ५६ असलेल्या माणसाला ते देणं म्हणजे रक्ताची गुठळी होण्याचा धोका स्वतःहून घरी आणणं आहे. मित्राचा हेतू चांगला असेल. इंजेक्शन अजिबात नको. आणि आधीच एखादं घेऊन झालं असेल तर मिस्टरांना प्रेमानं विचारा आणि डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन चढण्याचं ते चौथं कारण असू शकतं.

मग करायचं काय?

झोपेची तपासणी, आणि ती लवकर. आठ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहणं, बीपी, वजन, वय, मानेचा घेर आणि पुरुष असणं. पाच किंवा अधिक ‘हो’ आले की धोका मोठा. मिस्टरांच्या शर्टाची कॉलर सतरा नंबरची असेल, म्हणजे मान ४३ सेंटिमीटर, आणि दिवसा थकवाही येत असेल, तर आठातले सात ‘हो’ होतात. फक्त वय पन्नासच्या आत आहे. छातीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे पल्मोनॉलॉजिस्टकडे जा. कोल्हापूर, सांगली, मिरज तुम्हाला जवळ आहे. घरी मशीन लावून करायची छोटी तपासणीही असते आणि अनेकांना ती पुरते. पण बायकार्बोनेट ३१ असताना मी हॉस्पिटलमध्ये रात्रभर झोपवून करायची पूर्ण तपासणी सुचवेन, कार्बन डायऑक्साइड मोजण्यासह. जाताना तीन गोष्टी न्या. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून, लघवीची ती वही, आणि मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ. पांघरूण छातीखाली ओढा, मंद दिवा ठेवा, आवाज यायला हवा. तुम्ही दहा वाक्यांत सांगाल ते डॉक्टरांना वीस सेकंदांत दिसेल.

तपासणीत तीव्र ॲप्निया निघाला तर सीपॅप मशीन सांगतील. नाकावर मास्क लावून हवेच्या हलक्या दाबानं घसा उघडा ठेवायचा, एवढंच ती करते. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. कार्बन डायऑक्साइडही साठत असेल तर कधी कधी बायपॅप, म्हणजे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारी मशीन, लागतं. हे लावल्यावर काय सुधारेल तेही खरं खरं सांगतो, म्हणजे पुढचे रिपोर्ट बघून तुम्ही निराश होणार नाही. रात्रीचं उठणं आणि दिवसाची पेंग सहसा काही दिवसांतच कमी होते. बीपी सरासरीनं दोन-तीन आकड्यांनीच उतरतं, हट्टी बीपीमध्ये थोडं जास्त. हिमॅटोक्रिट काही आठवड्यांत-महिन्यांत खाली येऊ लागतो. साखर आणि लिव्हरवर मात्र मशीनचा परिणाम फारसा दिसत नाही, तिथे वजनच उतरावं लागतं. वजन दहा टक्के कमी झालं तर श्वास थांबण्याची तासाची संख्या साधारण चौथाईनं घटते. म्हणजे दहा किलो. २०१६ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात ॲप्निया आणि सोबत हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,६८७ जणांपैकी निम्म्यांना सीपॅप दिलं, तरी पुढचे झटके कमी झाले नाहीत. लोक ते वाचून मशीन कपाटात ठेवतात. त्या अभ्यासात माणसं रात्री सरासरी फक्त ३.३ तास मशीन लावत होती, हेही वाचायला हवं. किमान चार तास, आणि खरं तर झोपेचा प्रत्येक तास. दुपारची वामकुक्षी धरून.

आणि एक गोष्ट उद्यापासूनच करायची, तपासणीची वाट न पाहता. टेम्पो दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या. गावातला ओळखीचा ड्रायव्हर, पुतण्या, कोणीही. मिस्टर कदाचित चिडतील. त्यांना सांगा की हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. हवं तर हेच पान दाखवा. गाडीवर लागणारी पेंग सांगून येत नाही, डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-तीन सेकंद झोपतो, आणि तेवढ्या वेळात साठच्या वेगानं टेम्पो पन्नास मीटर पुढे गेलेला असतो.

तुमच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, छातीवर हात ठेवून जागी असते म्हणून. किती वर्षं, ते लिहिलं नाहीत. तपासणी होईपर्यंत त्यांना एका कुशीवर झोपवा, पाठीमागे लोड लावा, डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, आणि आठवड्यातून दोन रात्री घरातलं दुसरं कोणीतरी त्या खोलीत झोपू द्या, तुम्ही दुसरीकडे झोपा. मशीन आल्यावर पहिल्या एक-दोन रात्री खोलीत इतकी शांतता असते की बायकाच दचकून उठतात आणि नाकाजवळ बोट धरून बघतात. तसं झालं तर घाबरू नका.

एबीजीमधला कार्बन डायऑक्साइड, तासाला श्वास किती वेळा थांबला तो आकडा, आणि रात्रीचा सर्वांत कमी ऑक्सिजन, हे तीन कळवा. जेएके-टूचा रिपोर्ट यायला थोडे दिवस जास्त लागतील, त्यासाठी बाकीचं अडवून ठेवू नका.